गोचीड नखावर चिरडू नका

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

पावसाने उघडीप दिली की गौताळ्याच्या वाटा, पितळखोऱ्याच्या पायऱ्या, येडशीचे रामलिंग, माहूर-किनवटचे जंगल माणसांनी फुलून जाते. शाळांच्या सहली निघतात. गुराखी आणि शेळ्या-मेंढ्यावाले तर बारमाही रानातच असतात. या दिवसांत रानातून आपल्यासोबत घरी काय येते, याकडे कोणी बघत नाही. अंगाला, नाहीतर कुत्र्याच्या कानाला चिकटून गोचीड येते. ती सापडली की आपल्याकडे दोन नखांच्या मध्ये धरून 'टक्' करून फोडतात किंवा दगडावर ठेवून वरून दुसरा दगड मारतात. ही सवय मोडावी, म्हणून हे पत्र लिहीत आहोत. आम्ही दोघे, एक जनावरांचा डॉक्टर आणि एक लहान मुलांचा. गोचीड हा विषय आमच्या दोघांच्याही कामात सारखाच येतो.

गोचीड चावल्यावर रोग होतो एवढे बहुतेकांना ठाऊक असते. पण गोचीड-तापाचे रिकेट्सिया हे जंतू तिच्या लाळेत असतात तसे पोटातल्या रक्तातही असतात. नखावर फोडली की तो थेंब नखाच्या कडेच्या बारीक चिरेत जातो. त्याच बोटाने डोळा चोळला तर डोळ्यात जातो. म्हणजे चावा न बसताही लागण होऊ शकते. जनावरांच्या गोचिडीतून माणसाला होणारा काँगो ताप तर रक्ताच्या संपर्कानेच फार पसरतो. भारतात तो पहिल्यांदा जानेवारी २०११ मध्ये गुजरातेत सिद्ध झाला आणि त्यात रुग्णावर उपचार करणाऱ्यांचाही बळी गेला. गोठ्यात बसून बैलाच्या गोचिड्या काढून ठेचणारी पोरे आणि शेळीच्या कानातून त्या उपटून नखावर मारणाऱ्या बाया यांना हे कोणी सांगितलेले नसते.

आणखी एक गोष्ट. रक्त पिऊन टम्म फुगलेली मादी राखाडी दिसते, थेट एरंडीच्या बीसारखी. (एरंडाचे शास्त्रीय नाव रिसिनस, लॅटिनमध्ये त्याचा अर्थच गोचीड.) कुत्र्याच्या अंगावरची अशी एक मादी सुमारे ४,००० अंडी घालू शकते. ती उपटून अंगणात भिरकावली तर काम अर्धवट राहिले असे समजावे. ती भिंतीची फट शोधते आणि तिथे अंडी घालून मगच मरते.

मग करायचे काय? रानात जायच्या आधीपासून सुरुवात करू.

गोचीड उडत नाही, उडी मारत नाही आणि झाडावरून अंगावर पडत नाही. पण ती वरून पडते हा समज पक्का असल्यामुळे लोक डोक्याला रुमाल बांधतात आणि पाय उघडे ठेवतात. ती गवताच्या पात्याच्या टोकाला, साधारण घोट्यापासून गुडघ्यापर्यंतच्या उंचीवर, मागच्या पायांनी पाते धरून आणि पुढचे पाय पसरून थांबलेली असते. श्वासातला वायू, अंगाची ऊब, पावलांचा हादरा एवढ्यावर तिला सावज कळते आणि घासून जाणाऱ्या कपड्याला ती लटकते. मग वर चढत जाते. म्हणून ती काखेत किंवा मानेवर सापडली तरी आलेली असते पायाकडूनच. लहान मुलाच्या बाबतीत गुडघ्याएवढे गवत म्हणजे कंबर, म्हणून मुलांना ती जास्त लागते. जनावरांवरची एक जात, जिच्या पायांवर फिकट-गडद पट्टे असतात, ती मात्र वाट बघत बसत नाही. जमिनीवरच्या पाचोळ्यात दबा धरते आणि चाहूल लागली की तुरुतुरु पळत माणसाकडे येते. काँगो ताप याच जातीतून पसरतो.

म्हणून रानात बसायची जागा निवडताना सावली बघण्याआधी जमीन बघावी. गुरे दुपारी ज्या झाडाखाली विसावतात, तिथे शेण आणि लेंड्या पडलेल्या असतात आणि गवत तुडवलेले असते. पोट भरलेल्या गोचिड्या गळून पडतात त्या नेमक्या तिथे. नेमका तोच गारवा बघून डबा उघडायला माणसेही तिथेच बसतात. त्यापेक्षा उन्हातला कातळ बरा. खडकावर, पायऱ्यांवर, मोकळ्या वाटेच्या मधोमध चालावे. पायवाटेच्या कडेचे गवत अंगाला घासेल असे एका रांगेत चालू नये. पाचोळ्यात आडवे पडू नये, ओंडक्यावर बसू नये.

कपडे फिकट रंगाचे घ्यावेत. कारण साधे आहे, पांढऱ्या कापडावर तपकिरी ठिपका चालताना दिसतो. पँट मोज्यात खोचावी, सदरा पँटमध्ये. दिसायला विचित्र वाटते, पण गोचिडीला कापडाच्या बाहेरूनच वर चढावे लागते आणि ती नजरेस पडते. गवत कापायला, सीताफळे-बोरे वेचायला, सरपण आणायला जाणाऱ्या बायकांच्या साडीचा घोळ हा गोचिडीसाठी जिनाच आहे. साडी नेसायचीच असेल तर आतून घोट्यापर्यंत घट्ट सलवार किंवा लेगिंग, त्यावर मोजे, आणि साडी वर खोचलेली, असे करावे. अनवाणी किंवा चपलेवर जाऊ नये.

औषधाचे सांगतो, कारण इथे फार फसगत होते. डासांच्या मलमाच्या ट्यूबवर घटक आणि टक्केवारी छापलेली असते, ती वाचावी. गोचिडीसाठी डीईईटी २० ते ३० टक्के किंवा पिकारिडीन २० टक्के असलेले औषध काही तास टिकते. नुसत्या कमी ताकदीच्या मलमावर दिवसभराच्या सहलीला भरवसा ठेवू नये. ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन आस्थापनेने तयार केलेले डेपा नावाचे तेल कर्नाटकात माकडतापाच्या (हाही गोचिडीतूनच होणारा ताप) पट्ट्यात रानात जाणाऱ्यांना वाटले जाते. उघड्या त्वचेवर, घोट्याभोवती आणि मोज्यांच्या वरच्या कडेला लावावे. कपड्याखाली, जखमेवर, डोळ्यांजवळ लावू नये. मुलांना मोठ्या माणसाने आपल्या तळव्यावर घेऊन लावावे आणि मुलांच्या हाताला लावू नये, कारण हात तोंडात जातो. २ महिन्यांखालच्या बाळाला काहीच लावू नये. उन्हापासून संरक्षणाचे क्रीम लावणार असाल तर आधी ते, मग हे. घरी आल्यावर साबणाने धुऊन टाकावे. खोबरेल-कापूर, निंबोळी तेल यांचा वास थोडा वेळ पुरतो; घामाबरोबर तेही जाते. खरजेवरचे ५ टक्के पर्मेथ्रिनचे मलम कपड्यांना किंवा अंगाला 'प्रतिबंध' म्हणून फासणारेही आहेत. ते त्यासाठी बनवलेले नाही.

घरी आल्यावरचा पहिला तास सगळ्यात महत्त्वाचा. कपडे पलंगावर टाकू नयेत, खुंटीला टांगू नयेत. साध्या गार पाण्यात भिजवून गोचीड मरत नाही. ती पाण्यात बराच काळ तग धरते. कपडे कडकडीत पाण्यात १० मिनिटे बुडवावेत. गरम पाण्यात आटणारे असतील तर उन्हात पूर्ण वाळवून शिवणी, खिसे, कंबरपट्टी यांवरून गरम इस्त्री फिरवावी. अंघोळ २ तासांच्या आत करावी, म्हणजे नुसत्या फिरत असलेल्या आणि अजून न चिकटलेल्या गोचिड्या धुऊन जातात.

अंघोळीच्या वेळीच अंग तपासायचे. बोटांची टोके त्वचेवरून फिरवावीत. डोळ्याला तीळ वाटेल ते बोटाला उंच लागते. कानांच्या मागे, केसांच्या मुळाशी, काखेत, बेंबीत, पट्टा किंवा नाडी बसते त्या रेषेवर, जांघेत, गुडघ्यामागे, पायाच्या बोटांच्या बेचक्यात. बायकांनी स्तनांच्या खाली. मुलांची तपासणी दिव्याखाली आईबापांनी करावी आणि डोक्यात कंगवा घालून बघावे. गोचिडीची नुकती निघालेली पिल्ले खसखशीच्या दाण्याएवढी असतात आणि त्यांना सहाच पाय असतात. त्यापुढच्या टप्प्यातली तिळाहून लहान, आणि तीच सगळ्यात जास्त निसटते. चावताना दुखत नाही, कारण तिच्या लाळेत जागा बधिर करणारे द्रव्य असते. 'काही चावले असते तर कळले असते' हा हिशेब गोचिडीला लागू पडत नाही.

चिकटलेली सापडली तर काढायची रीत एकच आहे. त्यासाठी टोकदार चिमटा लागतो, भुवयांचा चपट्या तोंडाचा नव्हे. तो मेडिकल दुकानात किंवा घड्याळजी-सोनारांच्या हत्यारांच्या दुकानात मिळतो. गोचिडीचे पोट धरायचे नाही. चिमट्याची टोके त्वचेला टेकवून तिला तोंडाजवळ धरायचे आणि सरळ वर, सावकाश, एकसारख्या जोराने ओढायचे. त्वचा तंबूसारखी वर येते, तिथेच धीर धरायचा. काही सेकंदांत ती सुटते. हिसका द्यायचा नाही, पीळ द्यायचा नाही.

कारण तिच्या तोंडाची रचना कुसळासारखी आहे. रानातून आल्यावर धोतराच्या सोग्यात, मोज्यात अडकलेले कुसळ काढताना ते पुढे सहज सरकते आणि मागे ओढले की अडते, कारण त्याला उलटे काटे असतात. गोचिडीच्या सोंडेलाही तसेच मागे वळलेले काटे असतात. शिवाय लाळेतून ती भोवती सिमेंटसारखा थर जमवते. हिसका दिला की सोंड तुटून आत राहते. राहिली तरी सुईने कोरत बसू नये. त्या तुकड्यातून रोग जात नाही. काटा निघतो तसा तो आठ-दहा दिवसांत आपोआप वर येतो. कोरल्याने मात्र जखम चिघळते.

चिमटा नसेल तर बारीक शिवणाचा दोरा घ्यावा, त्याची सुटी गाठ त्वचेला टेकवून गोचिडीच्या तोंडाभोवती आवळावी आणि दोन्ही टोके सरळ वर ओढावीत. बोटांनीच काढायची वेळ आली तर प्लॅस्टिकची पिशवी हातात घालून काढावी.

रॉकेल, पेटती विडी, अगरबत्ती, चुना, मिश्री, खोबरेल, पेट्रोलियम जेली: यांतले काहीही वापरू नये. गोचीड 'स्वतःहून सुटते' असे वाटते. पण चटका बसला किंवा श्वास कोंडला की ती सोडण्याआधी पोटातला ऐवज आपल्या रक्तात ओकते. जे टाळायचे तेच आपण घडवून आणतो. रॉकेल-विडीमुळे मुलांची कातडी भाजते ते वेगळेच.

काढलेली गोचीड सॅनिटायझर किंवा स्पिरिट असलेल्या लहान बाटलीत टाकावी, किंवा पारदर्शक चिकटपट्टीत दोन्ही बाजूंनी बंद करावी. नखावर नाही, चुलीत नाही, अंगणात नाही. चावलेली जागा साबणाने धुऊन पोव्हिडोन-आयोडीन लावावे, हात धुवावेत आणि घरच्या कॅलेंडरवर त्या तारखेला खूण करावी. पुढे ताप आला तर डॉक्टरला ही तारीख फार उपयोगी पडते.

आता तापाबद्दल, आणि इथे थोडे थांबून वाचावे ही विनंती. इंटरनेटवर गोचीड शोधली की अमेरिकेतल्या लाइम रोगाची माहिती आणि 'चावल्यावर लगेच एक गोळी घ्या' असा सल्ला पुढे येतो. तो सल्ला तिथल्या हरणांवरच्या गोचिडीसाठी आहे. आपल्याकडचा मुख्य धोका आहे भारतीय गोचीड-ताप, आणि तो पसरवते कुत्र्यावरची साधी तपकिरी गोचीड. या तापासाठी चावा बसल्यावर आधीच गोळी घेण्याचा सल्ला दिला जात नाही. लक्ष ठेवायचे असते, ते २ आठवडे. ताप, जोराची डोकेदुखी, अंग मोडून येणे. मग तिसऱ्या ते पाचव्या दिवशी पुरळ, जे हाताच्या तळव्यांवर आणि पायाच्या तळव्यांवरही उठते. सावळ्या त्वचेवर ते चटकन दिसत नाही, म्हणून तळवे दिवसाच्या उजेडात बघावेत.

याच्याच जोडीचा दुसरा ताप म्हणजे स्क्रब टायफस. तो गोचिडीतून होत नाही. झुडपांत असणाऱ्या, डोळ्याला जेमतेम दिसणाऱ्या एका किड्याच्या पिल्लांमुळे होतो. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर आणि विदर्भात त्याची मोठी साथ आली होती. त्यात चाव्याच्या जागी सिगारेटचा चटका बसल्यासारखी काळी खपली धरते, ती दुखत नाही, आणि असते बहुधा काखेत, जांघेत, कंबरपट्टीखाली. कपडे न काढता तपासले तर हमखास राहून जाते. रानातली खबरदारी दोन्ही तापांना सारखीच आहे आणि दोन्हींचे मुख्य औषधही एकच, डॉक्सिसायक्लीन.

घोळ होतो तो इथेच. पावसाळी ताप म्हणजे डेंग्यू, मलेरिया, टायफॉइड असे धरून चार दिवस सलाईन आणि नेहमीची अँटिबायोटिक इंजेक्शने चालू राहतात. पेनिसिलीन आणि सेफॅलोस्पोरिन गटातली औषधे या जंतूंवर चालत नाहीत. डेंग्यूसारख्याच प्लेटलेट इथेही उतरतात, त्यामुळे गैरसमज पक्का होतो. वेइल-फेलिक्स ही स्वस्त तपासणी पहिल्या आठवड्यात बऱ्याचदा कोरी येते. कोरी आली म्हणजे रोग नाही असे होत नाही. म्हणून संशय आला की अहवालाची वाट न बघता उपचार सुरू करायचे असतात. वेळेवर सुरू झाले तर ताप साधारण २ दिवसांत उतरायला लागतो, आणि उशीर झाला तर फुप्फुस, मूत्रपिंड, मेंदू यांच्यावर बेतते. मुलांचे दात पिवळे होतील या भीतीने आईबाप, कधी कधी डॉक्टरही, हे औषध टाळतात. ती भीती जुन्या औषधांवरून आलेली आहे. थोड्या दिवसांच्या डॉक्सिसायक्लीनने तसे होत नाही. मात्र ते घ्यायचे डॉक्टरांनी वजनावरून ठरवलेल्या मात्रेतच, आणि गरोदर बाईला दुसरे औषध द्यावे लागते ते डॉक्टर बघतील. रुग्णाने किंवा नातेवाइकांनी एवढेच करायचे: 'रानात गेलो होतो', 'घरी कुत्रे आहे', 'अमुक तारखेला गोचीड काढली' हे विचारायची वाट न बघता सांगायचे. ग्लानी, धाप, लघवी कमी होणे, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त यांतले काही दिसले तर रात्र काढू नये.

माकडताप मराठवाड्यातला नाही. तो १९५७ मध्ये कर्नाटकातल्या क्यासनूर जंगलात सापडला आणि २०१६ मध्ये सिंधुदुर्गात दोडामार्ग भागात त्याने माणसे आजारी पाडली. कोकण-गोव्याकडे जंगलात फिरायला जाणाऱ्यांनी मेलेले माकड दिसले तर त्या जागेपासून लांब राहावे आणि वनखात्याला कळवावे.

कुत्र्याविषयी. अभयारण्यात कुत्रे नेऊच नये. ते वन्यप्राण्यांमागे धावते आणि रोगांची देवाणघेवाण होते. प्रश्न शिवारातल्या आणि शेतवस्तीवरच्या कुत्र्यांचा आहे. रानातून आल्यावर त्याचेही अंग त्याच संध्याकाळी तपासायचे: कानाच्या पाळीच्या आत, पापण्यांच्या कडेला, गळपट्ट्याखाली, पुढच्या पायांच्या काखेत, पंज्यांच्या बोटांमध्ये, शेपटीच्या मुळाशी. लातूरकडच्या कारवानी कुत्र्याच्या आखूड केसांत ती लगेच दिसते. पश्मी जातीच्या कुत्र्याच्या कानांवर झुपकेदार केस असतात, तिथे बोटांनी केस उलटे करूनच बघावे लागते. काढायची रीत माणसासारखीच, हातात पिशवी घालून.

नुसते बघून भागत नाही, औषध लागतेच, कारण कुत्र्यातल्या एर्लिचिया रोगाची लागण गोचीड चिकटल्यापासून काही तासांतच होऊ शकते. औषधांचे प्रकार नीट समजून घ्यावेत. मानेवर सोडायचे फिप्रोनिलचे थेंब महिनाभर चालतात, पण त्याच्या आधी आणि नंतर २ दिवस अंघोळ घालायची नाही. घातली तर पैसे पाण्यात. औषधी गळपट्टा गोचिडीला चिकटण्याआधीच दूर ठेवतो आणि प्रकारानुसार काही महिने टिकतो. तो इतका घट्ट हवा की आत दोनच बोटे जातील, सैल लोंबणारा पट्टा त्वचेला लागत नाही आणि काम करत नाही. खायच्या गोळ्या, अफॉक्सोलेनर महिन्याची किंवा फ्लुरालेनर १२ आठवड्यांची, खात्रीच्या आहेत, पण गोचीड चावल्यावरच मरते हे ध्यानात ठेवावे. गोळी कुत्र्याच्या वजनाच्या पट्टीची असते. मोठ्या कुत्र्याची गोळी अर्धी करून दोन लहान कुत्र्यांना वाटू नये, आणि ज्याला झटके येतात त्याला डॉक्टरला विचारल्याशिवाय देऊ नये. आयव्हरमेक्टिनचे गुरांचे इंजेक्शन कुत्र्याला अंदाजाने टोचणे काही जातींत जीवघेणे ठरते. लसूण चारल्याने गोचीड जात नाही, कुत्र्याचे रक्त मात्र खराब होते. घरात मांजर असेल तर कुत्र्याचे पर्मेथ्रिन असलेले औषध तिच्या आसपासही नको. मांजराला ते विष आहे.

कुत्रे दोन दिवस खात नसेल, अंग तापलेले असेल, नाकातून रक्त आले किंवा पोटाच्या कातडीवर लाल-जांभळे ठिपके दिसले तर एर्लिचियाचा संशय घ्यावा. हिरड्या पांढुरक्या आणि लघवी कॉफीसारखी असेल तर बॅबेसिया. दोन्हींची औषधे वेगळी आहेत, दोन्ही रोग एकत्रही असतात, म्हणून रक्ततपासणीशिवाय इंजेक्शन देऊ नये. एर्लिचियाचा गोळ्यांचा क्रम २८ दिवसांचा असतो. आठव्या दिवशी कुत्रे उड्या मारू लागते आणि गोळ्या बंद होतात. मग रोग दबून राहतो आणि काही महिन्यांनी उलटतो.

आणि घर. तपकिरी गोचीड रानापेक्षा घरात जास्त सुखाने नांदते. पिल्लू, मधला टप्पा आणि मोठी गोचीड, तिघी आयुष्यात तीन वेळा कुत्र्यावर चढतात आणि प्रत्येक जेवण झाले की खाली उतरतात. उतरल्यावर त्यांचा कल भिंतीवर वर चढण्याकडे असतो. आपल्याकडच्या माळवदाच्या घरांत त्यांना हवे ते सगळे असते: दगडी भिंतीच्या दर्जा, कोनाडे, चौकटीमागची फट, तुळया आणि वरची माती. कुठल्याही क्षणी बहुतेक गोचिड्या कुत्र्यावर नसून घरात असतात, आणि मोठी गोचीड उपाशीपोटी वर्षभरही जगू शकते. म्हणून कुत्र्याला महागडी गोळी देऊनही 'परत झाल्या' अशी तक्रार राहते. ज्या दिवशी कुत्र्याला औषध, त्याच दिवशी घराला: फटी सिमेंट किंवा चुन्याने बुजवाव्यात, राहिलेल्या फटींत घरगुती वापरासाठी मंजूर असलेले कीटकनाशक लेबलप्रमाणे मारावे, आणि १५ दिवसांच्या अंतराने असे तीनदा करावे, कारण अंड्यांवर औषध चालत नाही. कुत्र्याचे गोणपाट दर आठवड्याला उकळत्या पाण्यात घालावे. जाळ दाखवायचा तर फक्त उघड्या दगडी भिंतीला. कडबा, छप्पर, माळवद यांच्याजवळ कधीही नको.

गोठ्याला हेच सूत्र, पण मात्रेची चूक इथे फार होते. जनावरांसाठीचे १२.५ टक्के अमिट्राझ लिटरला २ मि.लि., म्हणजे १५ लिटरच्या पंपाला ३० मि.लि. 'एक झाकण' हे माप धरू नये, झाकणे वेगवेगळी असतात. सुई काढलेली ५ मि.लि.ची सिरिंज ठेवावी. पंप स्वतंत्र हवा. कपाशीवर फवारलेला पंप कितीही धुतला तरी त्यात औषध उरते. कृषी सेवा केंद्रातून आणलेले पिकाचे औषध तर जनावराच्या अंगावर अजिबात नको. घटकाचे नाव तेच असले तरी त्यातले द्रावक आणि ताकद वेगळी असते, आणि जनावर तडफडून मेल्याची उदाहरणे दर हंगामात कानावर येतात. फवारण्याआधी जनावराला पोटभर पाणी पाजावे, सकाळी किंवा उन्हे कलल्यावर फवारावे, कानाच्या आत, कास, मांड्यांच्या आतली बाजू आणि शेपटीखाली ब्रशने लावावे, वाळेपर्यंत चाटू देऊ नये. अमिट्राझ घोड्याला लावू नये, त्याच्या आतड्याची हालचाल थांबते. आयव्हरमेक्टिन दुभत्या जनावराला देऊ नये, ते दुधात उतरते. गुरांच्या गोचिडीचा अंगावरचा मुक्काम साधारण ३ आठवड्यांचा, त्यामुळे पुढची फवारणी त्याच्या आत यायला हवी. माळेगावच्या यात्रेतून किंवा आठवडी बाजारातून आणलेले जनावर औषध लावून ८-१० दिवस वेगळे बांधावे आणि मगच गोठ्यात घ्यावे.

ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांची काळजी सर्वांत जास्त वाटते. कोपीत बैल, कुत्रे आणि लेकरे एकाच पाचटावर झोपतात. गाडी जुंपून निघण्याच्या आठवडाभर आधी बैलांना आणि कुत्र्याला औषध लागले पाहिजे. फडात लेकरांना पाचटावर न निजवता चार विटांवर फळी टाकून किंवा बाजेवर निजवावे आणि बाजेचे पाय भिंतीला, पाचटाला टेकू देऊ नयेत.

मागण्या तीनच आहेत. आशाताईंच्या पिशवीत एक टोकदार चिमटा द्यावा; तो फार महाग नसतो. आणि गावाने गोठ्यांची फवारणी एकाच दिवशी करावी, कारण शेजारच्या गोठ्यातल्या गोचिड्या भिंत ओलांडतात. शाळांनीही सहलीच्या सूचनापत्रात डबा आणि पाण्याच्या बाटलीच्या खाली एक ओळ वाढवावी: पूर्ण बाह्यांचा फिकट सदरा, मोजे, आणि घरी आल्यावर आईबापांनी मुलाचे अंग तपासून कॅलेंडरवर तारीख लिहावी.

आपले,
एक पशुवैद्यक व एक बालरोगतज्ज्ञ
कन्नड, जि. छत्रपती संभाजीनगर